कप्तान मागं पाऊल घेत नाही

या, असे जवळ या. उंबऱ्यावर उभं राहून बोलणारा माणूस मनातून निघालेला असतो, आणि निघालेल्या माणसासाठी मी चुलीवर चहा ठेवत नाही. बसा. खाली चटई आहे, वर पंखा आहे, दोन्ही चालतात. आता आधी थोडी रागावते तुमच्यावर. ते ऐकून घ्या, मग साखर घालते.

एकोडीच्या स्टॉपवर उतरल्याबरोबर तुम्ही मोबाइल काढला. नाही म्हणू नका, सगळेच काढतात. मे महिन्याचं ऊन, डांबर चपलेला चिकटून राहिलेलं, रसवंतीच्या टेबलाखालून कुत्रंसुद्धा बाहेर यायला तयार नाही. आणि त्या उन्हात एक उंच म्हातारा लोकरीचा काळा कोट घालून, पितळेची बटनं गळ्यापर्यंत लावून, छाती पुढं काढून उभा. हसू येणारच. मी शेजारीण असून मला यायचं. पण तो फोटो तुम्ही भावाला पाठवाल, भाऊ आणखी कोणाला पाठवेल, आणि खाली कोणी तरी लिहील, वेडा. वेडा नाही हो तो. तो कप्तान आहे. फोटो पुसा म्हणत नाही मी. आधी माणूस कोण आहे ते ऐका, मग ठेवावा वाटला तर ठेवा.

नाव सदाशिव. मी सदाभाऊ म्हणते, तो मला वहिनी म्हणतो. त्याच्या आणि माझ्या घरात एकच कुडाची भिंत आहे, इकडं फोडणी दिली की तिकडं शिंक येते. फौजेत तो कधी गेला नाही. बंदूक त्यानं पाहिली ती पंधरा ऑगस्टला, पोलिसाच्या खांद्यावर. मग कप्तान कसा झाला, तर एका बुकापायी झाला.

आम्ही लोक दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, आणि येताना हातात एखादं पुस्तक नसेल तर गेल्यासारखं वाटत नाही. मला वाचता यायचं नाही तेव्हासुद्धा मी एक घेऊन यायची. सदाभाऊचं लग्न झालं त्या वर्षी त्यानं फुटपाथवरच्या ढिगातून सगळ्यात जाड बुक उचललं. वरचा पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पानं नव्हती. नाव काय, लिहिलं कोणी, काही पत्ता नाही. त्याला वाटलं आपल्या चळवळीचा इतिहास असेल, इतकं जाड दुसरं काय असणार? गाडीत बसून उघडलं, तर आत बर्फ पडत होता.

रशियाची कादंबरी होती ती, कोणी तरी मराठीत केलेली. त्यात एक कप्तान. त्याचं नाव एवढं लांब, की पूर्ण घेईपर्यंत भाजी करपायची. म्हणून आम्ही सगळे नुसतं कप्तान म्हणायचो. हा कप्तान कसा, तर कोणाला काही मागत नाही, कोणाची माफी मागत नाही, रडत नाही, आणि मागं पाऊल घेत नाही. एका मोठ्या घरातल्या विधवा बाईवर त्याचा जीव आहे. मग हा काय करतो? तिच्या खिडकीखाली बर्फात जाऊन उभा राहतो. बाई पडद्याआडून बघते. हा हाक मारत नाही. ती दार उघडत नाही. मग हा टाच आपटून वळतो आणि लढाईवर चालला जातो. एवढ्याला चारशे पानं.

सदाभाऊ संध्याकाळी ओसरीवर बसून हे मोठ्यानं वाचायचा. मी भिंतीच्या अलीकडे चिंचा फोडत ऐकायची. त्याची बायको यमुना आत भाकरी थापायची. भाकरीचा आवाज थांबला की समजायचं, आता ती काही तरी विचारणार.

"का जी, त्या बाईले थंडी नाही वाजत का खिडकीपाशी?"

"तुले नाही समजनार."

"समजाले का हाये त्याच्यात? त्यानं हाक मारली असती तं तिनं दार उघडलं असतं. दोघंई शेकत बसले असते."

"मर्दाचं प्रेम तोंडात नसते," सदाभाऊ म्हणायचा. "छातीत असते."

"मंग बटन खोला अन् दाखवा एखाद वेळी."

मी इकडं पदर तोंडात कोंबून हसायची. तो पान उलटायचा.

कोट पुढं आला. भंडाऱ्याच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात त्याला तो सापडला, गुडघ्याखाली जाणारा, बहुतेक एखाद्या गार्डाचा असावा. बटनं तुटलेली होती, तर पितळेच्या दुकानात बसून नवी करून घेतली. लोक भंडाऱ्यातून पितळेची गुंडं आणतात, परात आणतात. यानं बटनं आणली. यमुना ती चिंचेनं घासायची. बाकी अंगावर काही नसलं तरी चालेल, बटनं चमकली पाहिजेत.

मग एकेक गोष्ट कप्तानाप्रमाणं व्हायला लागली. कप्तान छत्री धरत नाही, म्हणून हा पावसात भिजून आठ दिवस खोकायचा. कप्तान हसताना दात दाखवत नाही, म्हणून लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाताना याचं तोंड असं, की वाढणारा विचारायचा, कडू झाली का जी? कप्तान बाईच्या बरोबरीनं चालत नाही, पुढं चालतो. साकोलीच्या बाजाराला निघाले की हा ताठ मानेनं पुढं, यमुना डोक्यावर टोपली घेऊन मागं. एकदा असाच मागं न बघता बाजारात पोचला, तर यमुना आधीच भज्यांच्या गाडीपाशी बसलेली. मधे एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला बसवून घेतलं होतं. याच्या बाजूनंच ट्रॅक्टर गेला, पण कप्तान मान वळवत नाही ना.

"भजे खा जी," ती म्हणाली, "लढाईहून आलात."

आणखी एक सवय होती. पावसाळा लागला, की याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात. कोणी जयभीम केला तर हा हनुवटीनं जयभीम करायचा. दुकानदारानं पुडा पुढं केला तर म्हणायचा, काउंटरवर ठेव. सरपंचानं हात पुढं केला, तो तसाच राहिला. आम्ही म्हणायचो, बापा, काय हा ताठा! रशियातच शिकवत असतील असं.

आता हसून घेतलंत ना? हसा, पण थोडं राखून हसा.

मग जिल्हा फुटला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. सदाभाऊ तेव्हा एका सरकारी ऑफिसात चौकीदार होता, कायमची नोकरी. तिथल्या खुर्च्या, टेबलं, पंखे, पाण्याचा माठसुद्धा ट्रकात चढून गोंदियाकडे गेला, आणि त्यांच्याबरोबर काही माणसंही जायची होती. त्यात सदाभाऊचं नाव निघालं. ज्यांना जायचं नव्हतं त्यांनी अर्ज केले, कोणाची आई म्हातारी, कोणाचे गुडघे दुखतात. साहेब माणूस बरा होता. म्हणाला, सदाशिव, चार ओळी लिहून दे, तुला इथंच ठेवतो.

"कप्तान अर्ज नाही करत," सदाभाऊ म्हणाला.

"मग गोंदियाला जा."

"कप्तान आपली जागा नाही सोडत."

साहेबानं कप्तान कोण म्हणून विचारलं. कोणी तरी सांगितलं. साहेबानं डोक्याला हात लावला तो तसाच ठेवून गेला.

हा रोज कोट घालून त्या रिकाम्या ऑफिसपुढं उभा राहायचा. आत राखायला काही उरलं नव्हतं. एक दिवस शेळ्या शिरल्या, त्यांना यानं बाहेर काढलं, म्हणाला, कामाशिवाय आत यायचं नाही. पगार गोंदियाला, माणूस इथं. शेवटी नाव कटलं. त्या दिवशी यमुना भांडली नाही, की रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या कप्तानाले पगार कोन देत होता जी?"

"राजा."

"आपल्या राजाचं घर सांगा. मी जाऊन येते."

दुसऱ्या दिवसापासून ती लोकांच्या बांधीत रोवण्याला जायला लागली. आमच्याकडं धानाच्या शेताला बांधी म्हणतात, आणि पऱ्ह्याची रोपं उपटून चिखलात लावायची, तो रोवणा. गडी चिखल करतात, रोपांच्या पेंड्या आणून टाकतात. रोवणा मात्र बायकांचा. आषाढापासून पोळ्यापर्यंत कंबर वाकलेली ती वाकलेलीच. एकेका बाईची एकेक पात, म्हणजे आपापली पट्टी, आणि ती पट्टी लावत लावत मागं मागं सरकायचं. पुढं नाही जायचं हो, पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जातं. यमुनेची पात माझ्या आणि कौतिका म्हातारीच्या मधे. तिचा हात असा चालायचा, की आम्ही दोघी धापा टाकायचो आणि ती वर गाणं म्हणायची.

एकदा गिरणीवाला भास्कर सगळ्यांसमोर बोलला, "का कप्तान, कोटाची इस्त्री बी वयनीच्या मजुरीतूनच होते का?"

सदाभाऊ पांढरा पडला. म्हणाला, "सकाळी तलावाच्या पाळीवर ये."

"कायले?"

"दोन काठ्या आनतो. तू आधी निवड."

बुकात तसंच होतं. इज्जतीवर आलं की पहाटे मैदानात जायचं, हत्यार निवडायचं, आणि एकानंच परत यायचं. भास्करनं काही बुक वाचलेलं नव्हतं. त्याला वाटलं, तलावातली मासोळी निघणार आहे, आणि काठ्या जाळ्यासाठी आहेत. तो थैली घेऊन आला.

हा पाळीवर कोट घालून उभा, हातात दोन काठ्या. भास्कर थैली घेऊन विचारून राहिला, मासोळी कुठं आहे? घाटावर आम्ही बाया धुणं टाकून बघत. तेवढ्यात यमुना किटली घेऊन पाळीवर चढली. तिनं दोघांच्या हातात कप दिले.

"आधी चहा प्या. मंग मरा."

भास्कर चहा प्याला, मासोळी नाही म्हणून कुरकुरत घरी गेला. सदाभाऊ मात्र दुपारपर्यंत तिथंच उभा. लढाई झाली, जिंकली की हरली, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

आम्ही सगळ्या हसत होतो. यमुना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मायासाठी उभा हाये तो. मले समजते. पन मायं नाव घेऊन भास्करले एक शिवी जरी हासडली असती ना, मी जलमभर पुरवली असती."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, या बाईला काय पाहिजे होतं. नाव. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. तशी आमच्या वेळच्या कोणत्या नवऱ्यानं मारली? माझे मालक मला "ऐकतेस का" म्हणायचे, मी ऐकलं नाही तरी तेच नाव. पण यमुनेच्या मनात ते रुतलं होतं, कारण ती रोज त्या बुकातल्या बाईचं ऐकायची. चारशे पानं झाली, कप्तान तिचं नाव तोंडानं घेत नाही. यमुना म्हणायची, "त्या बाईले निदान खिडकी तं होती."

मग तिच्या अंगातलं रक्त कमी होत गेलं. आधी गाणं थांबलं. मग पात मागं पडायला लागली. मग एक दिवस चिखलात बसली, ती आम्ही उचलून आणली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं. मी सोबत राहिली. बायकांचा वार्ड, गड्यांनी ठरलेल्या वेळीच आत यायचं. सदाभाऊ त्या वेळीही आत आला नाही. खाली कडुलिंबाजवळ, बरोबर आमच्या खिडकीखाली, कोट घालून उभा राहिला. उन्हापावसात, तसाच.

यमुना विचारायची, "उभे हायेत का?"

मी वाकून बघायची. "उभे आहेत."

एका दुपारी तिनं मला जवळ ओढलं. आवाज अगदी गेला होता. म्हणाली, "बाई, यायचे हात पावसाळ्यात खिशात काहून रायतेत, मालूम हाये का तुमाले?"

मी म्हटलं, "ताठा, दुसरं काय?"

"लाल असतेत."

तुम्हाला माहीत नसेल. रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहून पायांची बोटं सडतात. चिखल्या म्हणतात त्याला. कातडी पांढरी होते, फाटते, पाऊल टेकवत नाही. त्यावर मेंदीचा पाला वाटून लावतात, तेवढाच आराम. यमुनेच्या दारात रोज उजाडता उजाडता पळसाच्या पानावर मेंदीचा गोळा ठेवलेला असायचा. ती विचारायची, "मेंदी कोनं आनली जी?" हा कोटाच्या कॉलरमधून म्हणायचा, "मांजरीनं." ती म्हणायची, "मांजरीनं पाट्यावर वाटली बी?" हा म्हणायचा, "विचार तिले."

बाई झोपेत असताना हा माणूस पाट्यापुढं उकिडवा बसून मेंदी वाटायचा. आणि मग गावानं लाल तळवे पाहू नयेत, म्हणून आषाढापासून पोळ्यापर्यंत कप्तानाचे हात खिशात. आम्ही ताठा म्हणत होतो त्याला.

"माये पाय लाल केले, बापा," यमुना म्हणाली. "नाव नाही घेतलं." मग म्हणाली, "त्यायले सांगा बाई. खिडकी खुली हाये. एक डाव हाक मारा म्हना."

मी जिना उतरून खाली गेली. कडुलिंबाजवळ जाऊन म्हटलं, "सदाभाऊ, ती वाट पाहून राहिली आहे. वर नका येऊ. इथूनच हाक मारा. नुसतं नाव घ्या."

त्यानं खिडकीकडं मान वर केली. तोंड उघडलं. मी पाहिलं, गळ्याची शीर वर आली, ओठ हलले. पूर्ण कोट हलला त्याचा. आवाज काही निघाला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दिराच्या जागेवर असलेल्या माणसाच्या पाठीवर कधी ठेवला नव्हता. म्हटलं, "घ्या ना भाऊ. तीनच तर अक्षरं आहेत." तो टाच जुळवून उभा राहिला आणि समोर बघायला लागला.

मी वर आली. काय सांगणार? म्हटलं, "मारली गं हाक. रस्त्यावरून ट्रक गेला, तुला ऐकू नसेल आली."

यमुना छताकडं बघत होती. म्हणाली, "मी कान देऊन होती, बाई. ट्रक नव्हता."

त्याच आठवड्यात ती गेली.

मातीच्या वेळी सदाभाऊ रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. विहारात वंदना झाली, तेव्हाही हा मागं, दाराशी, पहाऱ्यावर असल्यासारखा उभा. मी मनातून त्याला सोडून दिलं. भिंतीपलीकडून काही आवाज यायचा नाही. वाचन बंद. फोडणी बंद. मी भाजी नेऊन द्यायची, ती दुसऱ्या दिवशी तशीच असायची.

पुढचा आषाढ लागला. रोवणा सुरू झाला. आम्ही बाया बांधीत उतरलो, ओळीनं वाकलो, आणि मग दिसलं की माझ्या आणि कौतिकाच्या मधे एक पात मोकळी राहिली आहे. कोणी ठरवलं नव्हतं. सवयीनं राहिली.

तेवढ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काळा कोट दिसला. सदाभाऊनं बटनं काढली, एकेक करून. कोट पळसाच्या फांदीला टांगला. आत गंजीफ्रॉक, आणि आत इतका बारीक माणूस, की मला वाटलं, एवढी वर्षं हा कोटच उभा होता की काय! धोतर वर खोचून तो चिखलात उतरला आणि त्या मोकळ्या पातीत येऊन थांबला.

पेंड्या टाकणारे गडी धुऱ्यावर थांबले. त्यांत भास्करचा भाऊ होता. "का कप्तान," तो म्हणाला, "लुगडं नाही नेसून आला? तुया बुकातला कप्तान बायायच्या पातीत रोवते का?"

सदाभाऊनं पेंडी सोडवली. म्हणाला, "त्या कप्तानाले बायको नव्हती."

धुऱ्यावरचे गडी पुन्हा पेंड्या टाकायला लागले.

मी हळूच विचारलं, "भाऊ, कशाला आलात?"

"जागा खाली नाही रावाले पायजे, वयनी," तो म्हणाला. चौकीदारच शेवटी.

पण रोवणा म्हणजे काय ते त्याला कुठं माहीत? त्यानं एक मूठ लावली आणि पुढं पाऊल टाकलं, लावलेल्या रोपावरच. दुसरी लावली, पुन्हा पुढं. आपणच लावायचं आणि आपणच तुडवायचं. बाया ओरडायला लागल्या, भाऊ मांगं या, मांगं या. तो थांबला. ओळ सगळी मागं सरकली आणि तो एकटाच मधे उभा राहिला, हातात रोपं, घोट्याएवढ्या पाण्यात. सरळ उभा. पाय काही मागं जाईना. मी म्हटलं ना तुम्हाला, या माणसानं नोकरी गेली तरी मागं पाऊल घेतलं नव्हतं.

कौतिका म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला चिखल दिसतो आणि हात दिसतो, माणूस दिसत नाही. बाजूची पात पुढं राहिली एवढं तिला समजलं. एवढ्या वर्षांच्या सवयीनं ती वाकल्या वाकल्याच ओरडली, "यमुना, मांगं ये ना वो. काहून उभी राहून गेली?"

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता हा बांधीतून निघून जाईल.

सदाभाऊ म्हणाला, "आलो."

आणि त्यानं पाऊल मागं घेतलं. मग दुसरं. वाकला, रोप लावलं, पुन्हा मागं. वाकडंतिकडं लावलं, अर्धं तरंगलं, संध्याकाळी मी आणि दुसऱ्या एकीनं ते गुपचूप नीट केलं. पण दिवसभर तो मागं सरकत राहिला. कौतिका दिवसभर त्याला यमुनाच म्हणत होती. तिला कोणी सांगितलं नाही. तो दर वेळी ओ देत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं, आणि पाऊस नव्हता त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी उजाडता माझ्या दारात पळसाच्या पानावर मेंदीचा गोळा होता. कौतिकाच्या दारात होता. विचारलं असतं तर मांजरीचं नाव आलं असतं, म्हणून विचारलं नाही. मी ओसरीवरून तिकडं वाकून पाहिलं, तर एक त्याच्या स्वतःच्या दारातही ठेवला होता, यमुनेच्या नेहमीच्या जागी. तो त्यानं पायाला लावला नाही. संध्याकाळपर्यंत वाळून काळा पडला. पूर्ण रोवणा तसाच गेला. रोज एक नवा, रोज काळा.

आता तो थकला. दर पावसाळ्यात बांधीत मात्र उतरतो, मजुरी मागत नाही. बाकी दिवस कोट घालून स्टॉपवर उभा राहतो, तिथं तुम्ही पाहिलाच. कोणाची वाट पाहतो म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला, "कोनाची नाही. उभं राह्याची सवय हाये."

बुक पुन्हा काढलं आहे त्यानं. संध्याकाळी ओसरीवर बसून वाचतो. आता मी मधे मधे विचारते, भाकरी थापणाऱ्या बाईच्या जागी कोणी तरी विचारायला पाहिजे ना. पण तो खिडकीपर्यंतच वाचतो. कप्तान बर्फात खिडकीखाली येऊन उभा राहिला, की बुक बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं मागून सुरू, पुन्हा खिडकीपर्यंत.

एकदा म्हटलं, "भाऊ, पुढचं काहून नाही वाचत?"

"पुढं तो चालला जाते," तो म्हणाला. "राहू द्या त्याले. अजून हाक मारू शकते."

माझीही नजर आता गेली, आणि ऐकणारी मी एकटीच उरली. मी गेली की तो कोणासाठी वाचेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून सांगते, चहा झाला असेल तर उठा, पण परत या. रोवण्याच्या दिवसांत या, बांधीला पाणी असतं तेव्हा. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसा आणि मधेच काही तरी विचारा, काहीही, त्या बाईला थंडी वाजते का विचारलं तरी चालेल. लवकर या मात्र.